टोपली खडखडली पाहिजे

मी बोलतोय. ओट्याच्या कोपऱ्यात बसलेला, काळा, गोल पोटाचा, समोर दांडा असलेला. लोक मला एअर फ्रायर म्हणतात. आता बोलायला बसलोच आहे, तर मध्येच कुणी टोपली ओढू नका. तुमची ती सवय वाईट आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. माझं नाव खोटं आहे. मी तळत नाही. माझ्या डोक्यात एक तापणारी तार आहे आणि तिच्यावर पंखा. तार तापते, पंखा ती धग खाली ढकलतो, गरम वारा टोपलीभर घोंघावतो आणि आतलं सगळं चारी बाजूंनी भाजून निघतं. भाजणारा म्हणाले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण कुणा शहाण्याला तळणारा जास्त खपेल असं वाटलं. त्याचं काय गेलं? भोगावं मला लागलं.

जन्म माझा कारखान्यात झाला. लांब पट्ट्यावरून सरकत सरकत शेवटच्या बाईपाशी आलो. तिने वायर लावली, आत हात घातला, म्हणाली, "गरम आहे. पुढचा." झालं माझं शिक्षण. तिथून दुकानात. तिथे माझ्या टोपलीत प्लास्टिकचे बटाट्याचे तुकडे चिकटवून ठेवले होते. मला वाटलं, हेच आपलं काम. कधी एकदा सुरू करतात आणि कधी मी ते भाजतो, याची वाट बघत किती दिवस बसलो! कुणी सुरू केलं नाही ते बरंच झालं म्हणायचं.

मग मला एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने घेतलं. स्वतःसाठी नव्हे, आईसाठी.

त्याची आई नर्सच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. कामावरून निवृत्त झाली आणि पुढे एका लांबलेल्या तापात तिला वास येईनासा झाला. वास गेला तशी चवही गेली. गोड नाही, तिखट नाही, करपलेलं नाही, काही कळेना. एके दिवशी गॅसचं बटण नुसतंच फिरलेलं राहिलं, आणि ही शेगडीशेजारी उभी राहून शांतपणे भाजी चिरते आहे! नवरा बाहेरून आला, दारातच ओरडला, धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. त्या दिवसापासून त्याने तिला शेगडीला हात लावू दिला नाही. स्वयंपाक तोच करायला लागला. म्हणजे काय करायचा, ते विचारू नका.

म्हणून मी. गॅस नको, आणि वेळ झाली की आपला आपण बंद होतो. मुलाने मला ओट्यावर ठेवलं, वायर लावली, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्या तरी इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. "बाबा, सोपं आहे, संध्याकाळी सांगतो," म्हणत तो पळाला.

बाबा कसले संध्याकाळपर्यंत थांबतायत!

हा माणूस रंगारी. सगळी हयात दुसऱ्यांच्या भिंतींवर काढलेली, माझ्यापेक्षा तापट आणि कुणाचं न ऐकणारा. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली. "फ्रायर म्हणजे तळणारा. तळणाऱ्याला तेल नको?" असं म्हणून त्याने टोपली ओढली आणि तेलाचं पाकीट फोडून माझ्या पोटात रिकामं केलं.

मी हबकलो. अहो, टोपलीला भोकं आहेत! तेल सरळ खालच्या भांड्यात उतरलं. वर त्याने बटाटे टाकले आणि केलं सुरू. माझ्या पंख्याने ते तेल उडवलं, तापल्या तारेवर शिंतोडे बसले, आणि काळा धूर निघाला. जन्मात कधी एवढा घाबरलो नव्हतो. पेट घेतला असता तर मी, हे दोघं, ओटा, सगळंच गेलं असतं.

बाई खुर्चीवरून उठली. "अहो, धूर निघतोय त्यातून!"

"तुला कसं कळलं?"

"वास गेलाय माझा, डोळे नाही गेले. वायर काढा आधी!"

संध्याकाळी मुलाने ओटा बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, तेल ओतायचं नसतं यात. हा हवेवर तळतो."

"हवेवर? मग मी सायकलचा पंप आणतो की. हे धूड कशाला आणलंस?"

बाई हसली. पण जेवली नाही. ताट तसंच बाजूला सारलं.

खरं दुखणं ते होतं. तिला काहीही भरवा, ती म्हणायची, ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागतं. दोन घास खायची आणि उठायची. बोटातली अंगठी गळून पडायला लागली, तर तिला दोरा गुंडाळून घेतला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर दाखल करून घेऊ आणि नाकातून नळी घालून भरवू. त्यावर ही काय म्हणाली असेल? "बरं झालं. त्या नाकाचा तेवढा तरी उपयोग." मला हसावं की रडावं कळेना. रंगारी मात्र उठून बाहेर गेला तो बराच वेळ आत आला नाही.

परत आला आणि माझ्या मागेच लागला.

तेल चुकलं ना? मग त्याने तेलाचा थेंबही घालायचा नाही असं ठरवलं. बटाटे धुतले, तसेच ओले निथळते चिरले, टोपली काठोकाठ भरली आणि वरून तळव्याने दाबली! जसं काही मी प्रवासाची बॅग आहे. अरे बाबा, वारा जाऊ दे की! तो जाणार कुठून? वरचे तुकडे जळून काळे झाले, मधले कच्चे राहिले, तळाचे वाफेने उकडून लगदा झाले. एका टोपलीत तीन तऱ्हा. माझीच मला लाज वाटली.

"काय केलंत हे?" बाईने एक तुकडा दाबून बघितला. "गळवावर पोटीस लावायला चांगलं आहे."

मग त्याची बहीण आली. सल्ला द्यायला कुणी ना कुणी येतंच. "दादा, तळाला कागद घाल, म्हणजे वहिनीला घासायला नको." त्याने कागद घातला आणि मला रिकामंच तापायला लावलं. रिकाम्या टोपलीत कागदाला धरणार कोण? तो उडाला आणि थेट तारेला जाऊन चिकटला. पुन्हा धूर! बहीण म्हणाली, मशीनच खराब आहे.  ती गेल्यावर रंगाऱ्याने फुलकोबी पातळ पिठात बुडवून आत सोडली. पीठ भोकांतून गळालं आणि खाली थापून बसलं, फुलकोबी वर उघडीच राहिली. अशी थेरं मी रोज सोसली. माणसाची चिकाटी बघून थक्क व्हायला होतं. नुसती चिकाटी, अक्कल वेगळी.

एका सकाळी बाई चहाबरोबर टोस्ट खात होती. खाता खाता थांबली.

"काय झालं?" तो लगेच उठला.

"काही नाही हो. चव नाहीच. पण दाताखाली मोडला ना, तेवढं कळलं. खाल्ल्यासारखं वाटलं."

रंगारी तिच्याकडे बघतच राहिला. मीही. इतके दिवस हा माणूस तिच्यासाठी मीठ वाढव, तिखट वाढव, लिंबू पिळ, असलं करत होता. आणि तिला हवं होतं ते मोडणं! जे कुरकुरीत होतं तेवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं. आणि ते तर माझं काम! इथे मी आयुष्यभर लगदे काढत बसलो होतो. मला घाम फुटला नाही इतकंच, कारण तो मला येत नाही.

त्या दिवशी ती खुर्ची ओढून ओट्यापाशी येऊन बसली. तो बटाटे चिरत होता.

"सारखे चिरा. एक बोटाएवढा आणि एक मनगटाएवढा, कसे एकदम होतील?"

"तू गप्प बैस."

"वसतिगृहात एवढी वर्षं गप्पच बसून रांधलं का मी? पाण्यात टाका ते. त्यांचा पांढरा चीक निघू दे. आता काढा. हं, थांबा!" तिने एक तुकडा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "हात लावून बघा. ओला आहे की नाही?"

त्याने बघितला. आणि एकदम त्याचा चेहरा बदलला.

"ओल्यावर रंग धरतच नाही," तो म्हणाला. "पापुद्रा येतो. मी किती जणांना बोललोय, भिंत वाळू द्या आधी म्हणून. आणि इथे मीच..."

"बोला, बोला. आज तरी खरं बोललात."

त्याने धुतलेलं सुती फडकं पसरलं, त्यावर तुकडे मोकळे टाकले, वरून दुसऱ्या फडक्याने टिपले. मग वरच्या फळीवरून एक कोरा ब्रश काढला, रंगाला न लागलेला, आणि वाटीतलं चमचाभर तेल सगळ्यांना रंगाचा हात मारल्यासारखं पातळ लावलं. पातळ! थेंब खाली ओघळू दिला नाही. ते बघून मला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बरं वाटलं. मला आधी रिकामं तापू दिलं, कागदाशिवाय. मग तुकडे एकाच थरात ठेवले, मध्ये फट सोडून. उरलेले बाहेर ठेवले. "दुसरा हात नंतर," म्हणाला.

मी वारा सोडला. काय सांगू, काय मोकळा फिरला तो! प्रत्येक तुकड्याला वळसा घालून.

मध्येच बाईने टोपली ओढली आणि हलवली. आतून थप्प थप्प आवाज आला.

"कच्चे आहेत अजून. पाणी आहे पोटात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"ऐका की जरा! बोजड वाजतायत."

थोड्या वेळाने तिने पुन्हा हलवली. आता सरसर वाजले. ती म्हणाली, झालेच. तिसऱ्यांदा हलवली आणि टोपली खडखडली, सुक्या शेंगा हलवाव्यात तशी. माझ्या आत हा आवाज होतो हे मलाच माहीत नव्हतं! जिने जन्मभर नाकाने रांधलं, ती आता कानाने रांधत होती. मी गार पडलो. तापलेला असून गार पडलो.

तिने एक तुकडा उचलला, फुंकला आणि दाताखाली धरला. कर्र झालं. मला ऐकू आलं, त्याला ऐकू आलं.

ती चावत राहिली. दुसरा घेतला. तिसरा. "मीठ टाका वरून," म्हणाली.

"तुला कळतंय का मीठ?"

"नाही. दाताला खरखरतं ना, म्हणून."

बशी रिकामी झाली तेव्हा तो बशीकडे बघत उभा होता. "मला एकही नाही ठेवलास?"

"दुसरा हात लावणार होतात ना? लावा. आणि व्हा बाजूला, मी बघते."

ओटा परत तिचा झाला तो तिचाच राहिला. पुढे तिने माझ्यात काय काय केलं! गाजर, वाटाणे घातलेल्या वड्या, शिळा पाव, वाळवून घेतलेले चणे. चुकलं तर एकदाच चुकायचं. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर वजन थांबलं आणि मग हळूहळू चढायला लागलं. नळीचं नाव कुणी काढलं नाही. वास मात्र आला नाही. येणार नाही असं सांगितलंय. ते तिला ठाऊक आहे, मलाही.

आता मी जुना झालोय. टोपलीचा काळा मुलामा जागोजागी उडालाय, दांडा हलतो, पंखा थोडा घोरतो. मुलगा परवा म्हणाला, नवी टोपली आणतो. आणेल तर आणू दे. मी काही अडवणार नाही.

पण तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा बसला असेल, कोपऱ्यात, फडकं पांघरून. म्हणून सांगतो, आणि ऐकायला हवं तर ऐका. बटाटा कोरडा करा. टोपली भरू नका. वाऱ्याला जागा लागते. तेल पुसल्याएवढं. कागद ठेवायचा तर वर वजन असू दे. आणि आमचं पोट घासा हो, तिथे साचलेलं तेल पुढच्या खेपेला धुरतं.

आणि आणखी एक. काल रविवारी सगळे घरी होते. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने चालू होता, मुलगा, बहीण, सगळे गप्पा मारत होते. बाईने टोपली ओढली आणि हलवली. त्या गोंगाटात तिला काही ऐकू येईना. तिने पुन्हा हलवली, कान वाकडा करून, आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी बघितलं. गॅसपाशी उभी होती त्या दिवशीही, काय झालं असतं ते नंतर कळल्यावर, अशीच दिसली असेल. तेवढ्यात रंगारी उठला, त्याने टीव्हीची वायर ओढून काढली आणि सगळ्यांवर खेकसला.

तुमच्या घरात अशी कुणी असेल, तर खेकसायची वेळ येऊ देऊ नका. ती टोपली हलवते तेवढा वेळ गप्प बसा. तिला ऐकू द्या.