मधाचं फाटक

मधाच्या संघात लाखवाले काका म्हणजे मानाचा माणूस. पिंप भरलं की झाकणावर तापलेली लाख ओतून शिक्का उमटवायचा, हे त्यांचं काम. आणि दोन देशांतला जुना रिवाज असा, की ज्याने लाख लावली त्यानेच पलीकडे जाऊन गिऱ्हाइकासमोर ती फोडायची. सीमेपलीकडचा परवाना एरवी कुणाला मिळत नसे, काकांना मिळे. त्यांची एकुलती लेक पलीकडेच नांदत होती. देवाने तरी किती सोय करावी!

मग शेजारच्या त्या मोठ्या देशाने आपला मध घेणं बंद केलं. म्हणे, मधात खोट आहे. खरं काय ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यांना आपलं बंदर हवं होतं. बंदर द्या, सीमेवरचं फाटक उघडतो. आणि नेमके लेकीला दिवस गेलेले.

व्यापार खात्याच्या बाई संघात आल्या. पिंपांच्या मधोमध सतरंजीवरच बसल्या आणि सरळ बोलल्या, "सरकारला वाकायचं नाही. दुसरी गिऱ्हाइकं शोधतोय, पण वर्षभर कळ काढावी लागेल. तोवर मध सरकार घेईल, जरा कमी भावाने. भोगायचं तुम्हाला आहे, म्हणून विचारायला आले."

सगळ्यांच्या नजरा काकांकडे.

"काका, तुमची पोर तिकडे," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात तर आम्हीही नको म्हणू. कुणी तोंडातून ब्र काढणार नाही."

 काकांचा हात मांडीवरून हलेना. तेवढ्यात मागे, मध गाळणाऱ्या बायकांतून होकाराचा एक हात वर गेला. तो काकूंचा होता. मग भराभर हात वर झाले. काकांचा सगळ्यांत शेवटी, तोही जेमतेम खांद्यापर्यंत.

घरी जाताना काका फणफणत होते. "भलतीच घाई झाली होती तुला! पुढारी व्हायचंय का?"

"झाले तर तुम्हाला शिपाई ठेवीन."

"थट्टा नको. मध जायचा नाही म्हणजे परवाना नाही. नातवंडाचं तोंड दिसायचं नाही आता."

काकू थांबल्या. "तुम्ही निदान लेकीचं तरी पाहून येत होतात. मला कुणी दिला परवाना? लग्नात पाहिली तेवढीच. परत आलात की मी विचारायची, वाळलीय का, केस किती वाढलेत. आणि तुम्ही म्हणायचात, 'बरी आहे.' त्या दोन शब्दांवर मी दिवस काढलेत हो."

काका पुन्हा चालू लागले.

"ती तिथेच राहणार आहे जन्मभर," काकू म्हणाल्या. "आज आपण वाकलो तर? ज्या घरात माहेराचा कान पिळता येतो, तिथे सुनेला कोण मोजणार?"

घरात पाऊल टाकलं तोच फोन वाजला. काकूंनी घेतला.

"आई, बाबा कधी निघतायत? मी खोली आवरून ठेवलीय."

सभेत सगळ्यांच्या आधी वर गेलेल्या त्या हाताने काकूंनी फोन छातीशी धरला.  काकांनी हलकेच फोन आपल्याकडे घेतला.

"मी नाही येत गं बाळा एवढ्यात. वाकायचं नाही असं ठरलंय संघात, पहिला हात तुझ्या आईचा. तुझ्या लेकराला चालायला शिकव. फाटकाशी हटून बसायचं मात्र आजीकडून शिकेल ते."

पलीकडे लेक हसली, मग हुंदका आला. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.