लालशेजारी लाल

१९९७च्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेआठला शकूने यंत्राचं बटण दाबलं. मोटर गुणगुणली, थरथरली, पण फिरली नाही. पेणच्या खाडीकडच्या या छोट्या कारखान्यात मिठाच्या किलोकिलोच्या पिशव्या भरल्या जात. मोटरखाली एक लांब स्क्रू होता. तो मोजून फेरे घ्यायचा, तेवढंच मीठ पिशवीत पडायचं. आज एक दाणाही पडला नाही.

शकू जवळच्या कासू गावची. आईवडील मिठागरात कामाला. तिने दोन वर्षं हाताने पिशव्या भरल्या. मग यंत्र आलं. यंत्र बनवणाऱ्या वसईच्या कंपनीच्या माणसाने सगळ्या बायकांना आठ दिवस शिकवलं, ते शकूने सगळ्यात आधी उचललं, म्हणून यंत्र तिच्याकडे आलं.

काय झालं असणार हे तिला लगेच कळलं. खंडेनवमीला जो तो आपली हत्यारं घासत होता, तेव्हा तिने यंत्राचा वायरींचा डबा उघडला होता. खाऱ्या हवेने वायरींची टोकं हिरवी झाली होती. तिने सगळ्या सोडवल्या, पॉलिशपेपरने टोकं घासली, परत आवळल्या. मोटरच्या वायरी चार होत्या, दोन लाल आणि दोन काळ्या. आधी त्या कशाही लावल्यासारख्या दिसत होत्या. तिने लालशेजारी लाल लावली, काळीशेजारी काळी, आणि डब्याला हळदकुंकू वाहिलं.

"दमट हवा लागली असणार," मालक हरेशशेट म्हणाले.

"नाय शेट. वायरी मी सोडवल्या होत्या. लावताना चुकल्या."

"कोणी सांगितलं होतं सोडवायला?"

"कुणी नाय. दसरा होता."

"देवाला चकचकीत लागतं गो, मोटरीला नाय," हाताने भरणाऱ्या विमलबाई मागून म्हणाल्या. दोघीतिघी हसल्या.

हरेशशेटनी वसईला फोन लावला. गुरुवारी टेम्पो येऊन यंत्र घेऊन जाणार होता. ते परत यायला दिवाळी उलटणार आणि सोबत चालवायला कंपनीचाच माणूस येणार. शकूने पुन्हा विमलबाईंशेजारी बसायचं.

"गुरुवारपर्यंत डबा उघडू द्या मला," शकू म्हणाली.

"आणि जाळलंस तर?"

"उघडला नाय तरी जाणारच हाय ना ते?"

हरेशशेटनी कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "बुधवार संध्याकाळपर्यंत."

मंगळवारी तिने रजा टाकली आणि रोह्याची गाडी पकडली. तिच्या आईचा मावसभाऊ दत्तात्रेय रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत मीटर आणि यंत्रांच्या दुरुस्तीवर होता. पहिली शिफ्ट सुटल्यावर तो तिला फाटकाबाहेर भेटला. तिने सगळं सांगितलं.

"रविवारी येतो गो. सुट्टी हाय."

"रविवारी यंत्र वसईत असेल, मामा."

"मग वायरी तपासायला मीटर पायजे, आणि कंपनीचा मीटर फाटकाबाहेर जात नाय."

"मीटरशिवाय कसं करतात?"

तो तिला घरी घेऊन गेला. खिडकीत एक भंगारातली मोटर होती. त्याने तिच्या दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवली.

"दांडा फिरव."

दांडा जड फिरला, अडखळत. त्याने टोकं सोडली, तसा सैल झाला.

"जड लागला, म्हणजे त्या दोघी आतल्या एकाच वेटोळ्याच्या. तीच जोडी. रंग बघू नको."

मग त्याने पुढचं सांगितलं. अशी मोटर पावलापावलाने फिरते; किती पावलं जायचं ते डब्यातलं कार्ड ठरवतं, ड्रायव्हर नावाचा भाग मोटरला तेवढी पावलं टाकायला लावतो. दोघांच्या मध्ये तीन बारीक वायरी असतात: पाऊल टाकायला सांगणारी पल्स, दिशा सांगणारी डिरेक्शन आणि दोघींची सामाईक कॉमन. मोटर घट्ट धरून बसली पण हलली नाही, तर जोड्या बरोबर आहेत, घोळ या तिघींत आहे; उलटी फिरली, तर एका जोडीतल्या दोघींची अदलाबदल करायची.

"आणि वीज चालू असताना मोटरची वायर सुटली, तर ड्रायव्हर मेला म्हणून समज. बटण बंद करायचं, ड्रायव्हरवरचा दिवा विझायची वाट बघायची, मग हात घालायचा."

"टोकं द्या इकडे." तिने डोळे मिटून जोड्या ओळखायला सुरुवात केली. आठव्यांदा बरोबर आल्यावर मामाने चहाचं विचारलं.

"अजून दोनदा," शकू म्हणाली.

बुधवारी तिने मोटर स्क्रूपासून मोकळी केली आणि चारही वायरी सोडवल्या. एक लाल आणि एक काळी टेकवली. दांडा सैल. दुसरी काळी घेतली. जड. राहिलेल्या दोघी टेकवल्या. जड. जोडीतल्या दोघी शेजारीशेजारी लावून तिने बटण दाबलं. मोटर गप्प राहिली.

"आधी गुणगुणत तरी होती," विमलबाई म्हणाल्या.

शकूने दांडा दोन्ही हातांनी पिळला. हलेना. "धरून बसलीय. बारीक वायरी राहिल्या."

"मग बदल पटकन," हरेशशेट म्हणाले. "चालू असू दे, वसईला फोन करायचाय मला."

"दिवा विझू द्या, शेट." तिने बटण बंद केलं. दिवा सावकाश मंदावला, तोवर सगळे उभे राहिले. तिन्ही वायरी पांढऱ्या होत्या. ती कार्डाकडून एकेक ओढत गेली आणि ड्रायव्हरकडे कोणती हलते ते बघत गेली. पल्स डिरेक्शनच्या जागी गेली होती. दोन्ही बदलून तिने स्क्रू परत जोडला आणि बटण दाबलं. स्क्रू फिरला, पण उलटा. मीठ वर चढायला लागलं.

तिने पुन्हा बटण बंद केलं. या वेळी हरेशशेटही दिव्याकडे बघत उभे राहिले. दिवा विझल्यावर तिने एका जोडीतल्या दोन वायरींची अदलाबदल केली.

पहिली पिशवी दहा ग्रॅमने कमी भरली. दुसरीपासून काटा किलोवर थांबायला लागला. शकूने वीस पिशव्या भरल्या आणि वीसही वजन करून टेबलावर मांडल्या.

हरेशशेट आतल्या खोलीत फोनवर बोलत होते. आवाज बाहेर येत होता.

"नाय, टेम्पो नको. चालतंय." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "चालवायला पण नको. आमच्याकडे हाय माणूस."

शकूने एकविसावी पिशवी तोंडाशी धरली.