संत्र्याच्या सालीची भिंत

अहो, इकडं. न्हाणीच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं, केसाळ, वाकड्या मानेचं जे काही दिसतंय ना, तो मी. भिंती रंगवायचा रोलर. जरा डोळा लागला होता, पण आता जाग आलीच आहे तर बोलतो. एकदा बोलायला लागलो की थांबवत नाही मला. गोल गोल फिरायचाच धंदा आमचा.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. गरम गोंदाचा वास होता आणि मी अंगभर मऊ होतो, एवढंच. पहिली नीट आठवण अकोल्याची. एका हार्डवेअरच्या दुकानात दोरीला लटकून मी पंख्याच्या वाऱ्यानं दिवसभर हळूहळू फिरत असे. अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या शांततेत मला स्वप्नं पडायला लागली. एक भिंत असायची, तिला छत नसायचं, आणि मी तिच्यावर वर वर जात राहायचो.

अशाच एका दुपारी रऊफ पेंटर दुकानात आला. मला दोरीवरून काढलं, डोळे मिटले आणि स्वतःच्या गालावरून फिरवलं. दुकानदार हसला. "काय रऊफभाई, दाढी करून राहिले काय?"

"माह्या गालाले टोचलं तं भिंतीलेही टोचीन," रऊफ म्हणाला, आणि मी त्याच्या पिशवीत गेलो.

रऊफ गुळगुळीत भिंतीचा वेडा. नव्या रोलरचे सुटे केस रंगात मिसळून भिंतीला चिकटतात, म्हणून त्यानं आधी चिकटपट्टी माझ्या अंगाला लावली आणि सर्रकन ओढली. काय सांगू तुम्हाला. मग पाण्यात बुचकळून पिळलं. रंग गाळून घेतला अकीलाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जुन्या ओढणीतून. मला त्यात बुडवलं आणि थेंब गळायचा थांबेपर्यंत जाळीवर फिरवलं. एवढे सोपस्कार झाल्यावर कुठं भिंत.

"दाबायचं नाई," तो स्वतःशीच बोले. "रोलरले चालू द्यायचं." दाबलं की कडेनं रेघ उठते. कड ओली आहे तोवरच पुढचा पट्टा तिच्यावर चढवायचा, नाहीतर जोड दिसतो. आणि सगळ्यात शेवटी, रंग ओला असतानाच, छतापासून जमिनीपर्यंत एकाच दिशेनं, नुसतं टेकत टेकत उतरायचं. ते उतरणं मला फार आवडायचं. अंगात रंग उरलेला नसायचा, मनात काही नसायचं. मी अर्धवट झोपेतच खाली यायचो.

मग रऊफ खिडक्या लावून घ्यायचा आणि भिंतीला बॅटरी तिरपी धरायचा. जरा खडबड दिसली की त्याचं तोंड उतरलंच. "संत्र्याची साल आली," म्हणायचा. रोलरनं भिंतीवर बारीक बारीक दाणे सोडले की पेंटर लोक त्याला संत्र्याची साल म्हणतात. संत्र्याच्या मुलखात राहून हा माणूस संत्र्याच्या नावानं बोटं मोडायचा.

त्याच्याबरोबर मी अकोल्याची घरं पाहिली, अमरावतीची पाहिली. माणसं मोठी गमतीची असतात. हलका बदामी की फिका बदामी यावरून नवराबायको दिवसभर बोलत नाहीत. आणि कपाट सरकवलं की त्याच्यामागं पडलेलं काहीतरी सापडतं, एखादं कानातलं नाहीतर लहानपणचा फोटो, की सगळं घर तिथंच फतकल मारून बसतं. पेंटरचा चहा राहिला तो राहिलाच.

एकदा एका दिवाणखान्यात काम ऐन रंगात आलं होतं आणि रऊफचा फोन वाजला. अकीलाला कळा सुरू झाल्या होत्या. त्यानं मला रंगातच सोडलं आणि धावला. त्याला मुलगी झाली, नगमा. नगमानं डोळे उघडले आणि इकडं मी वाळून दगड झालो. काही दिवसांनी रऊफ आला, मला हातात घेऊन बसला, गरम पाण्यात भिजवलं, घासलं. माझे केस काही सुटले नाहीत. मला राग नाही आला. मुलगी झाल्यावर रोलर कोण धुतो?

पण मऊपणा गेला तो गेला. नवा रोलर आला, गोरापान, गालाला लावावा असा. मी बादलीच्या तळाशी गेलो. प्राइमर मारायचा असला, गच्ची रंगवायची असली की मला बाहेर काढायचे, नाहीतर झोप. मला झोपेचं वावडं नव्हतंच कधी.

मग एका श्रावणात आम्ही या घरी आलो. अमरावतीतलं साधं सिमेंटचं घर. घरात किसनराव, त्यांचा मुलगा किशोर आणि सून रूपाली. किसनराव एसटीत ड्रायव्हर होते. अमरावतीहून धारणीची गाडी न्यायचे. उभं आयुष्य मेळघाटाच्या वळणांत गेलं. घरी बसले, आणि शुगरनं डोळे नेले. आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

रूपालीची फार धांदल चालली होती. महालक्ष्म्या आजवर नांदगाव खंडेश्वरला थोरल्या जावेकडं बसायच्या, त्या यंदा पहिल्यांदाच इथं यायच्या होत्या. जेवायला सगळं गणगोत येणार. "रऊफभाऊ, भिंत आरशावानी करून द्या," ती म्हणाली. "लोकाईनं नाव नाई ठेवलं पायजे."

बोळाची भिंत खरंच वाईट होती. स्विचबोर्डाशेजारी सिमेंटचा गोळा, पुढं वाकडीतिकडी लांब भेग, मग ओलीनं आलेला फोड, स्वयंपाकघराच्या दाराआधी उडालेले पोपडे. आम्ही सामान टेकवत होतो तेव्हा किसनराव पलंगावरून उठले, तळवा भिंतीला लावला आणि बोळातून निघाले. चालता चालता पुटपुटत होते. "परतवाडा… हं, घटांग… सेमाडोह… हरिसाल… चला, धारणी." आणि भिंतीच्या टोकाला एक जुना खिळा होता, त्याला बोट लागलं तेव्हा बरोबर न्हाणीच्या दारात पाय.

"मामाजी अजून गाडीच चालवून राहिले," रूपाली हसत म्हणाली. रऊफही हसला. मी बादलीत पेंगत होतो. ती नावं मला अंगाईसारखी लागली, पण अर्थ मलाही कळला नाही.

रंगाच्या वासानं म्हाताऱ्याला खोकला येतो म्हणून किशोरनं त्यांना मोर्शीला, चंदाकडं नेऊन सोडलं. चंदा त्यांची मुलगी. इकडं रऊफनं गोळा फोडला, फोड खरवडला, भेगेत पुट्टी भरली, खिळा उपटला, काचकागदानं घासून घासून भिंत एकसारखी केली. हवा दमट, काही लवकर वाळेना. माझ्याकडं प्राइमरचं काम. वरचे दोन्ही हात त्या गोऱ्यापान पोरानं मारले. मी जळलो, खोटं कशाला बोलू? बॅटरी तिरपी धरली तेव्हा भिंतीवर एक दाणा दिसला नाही. रूपाली कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिली आणि रऊफ रूपालीकडं. त्याला मी इतका खूश कधी पाहिला नव्हता. उंचावर चढायचा लाकडी घोडा आणि बादली नंतर नेतो म्हणून तो अकोल्याला गेला. मी न्हाणीजवळच राहिलो.

किसनराव परत आले. भिंतीला हात लावून म्हणाले, "वा, लोण्यावानी झाली." निघाले. थोडं चालले आणि हात मागं नेला. पुन्हा पुढं नेला. "परतवाडा?" त्यांनी विचारलं, जणू भिंत ओ देणार होती. हात नुसता घसरत राहिला. ते तसेच पुढं गेले आणि न्हाणी समजून स्वयंपाकघरात शिरले. लेंग्याच्या नाडीला हात घातला तोच समोरून रूपालीच्या बांगड्या वाजल्या. ती फराळाचे लाडू वळत बसली होती.

म्हातारा जागच्या जागी खाली बसला. "माही सडक कोणी नेली, रूपाली?"

तेव्हा तिला कळलं. मलाही तेव्हाच कळलं. आम्ही खडबड काढली नव्हती, एका माणसाची वाट पुसली होती.

ती त्यांना हाताला धरून न्हाणीपर्यंत नेऊ लागली. ते मुकाट्यानं यायचे, पण त्यांनी चहा सोडला. पाणी घोटभर प्यायचे. कमी प्यायलं की कमी उठावं लागतं, हा त्यांचा हिशोब. रूपालीनं भरलेला तांब्या तसाच पाहिला आणि विचारलं, तेव्हा म्हणाले, "सगळ्या पाव्हण्यांमंधून मले धरून नेशीन काय? त्यापक्षा मी मोर्शीले जातो. महालक्ष्म्या होऊ द्या, मंग येतो."

"तुमच्याबिगर कोणाच्या महालक्ष्म्या, मामाजी?" रूपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रऊफ घोडा न्यायला आला. रूपालीनं त्याला चहा दिला, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "रऊफभाऊ, भिंत बिघडवून द्या."

रऊफचा कप हातातच राहिला. "ताई, असं कसं? लोकं येतीन, पाहतीन. म्हणतीन, रऊफचं काम गेलं आता."

"नको रे बाप्पा," किसनराव पलंगावरून म्हणाले. "सोन्यावानी भिंत हाये. कायले खराब करतं? मी जातो न मोर्शीले."

रऊफ बोळात आला, डोळे मिटले आणि तळवा भिंतीला लावून चालायला लागला. थोडा वेळ चालला आणि मधेच उभा राहिला. डोळे उघडले तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "काकाले कसं समजन इथी?" तो हळूच म्हणाला.

त्यानं पुट्टीत रंग घट्ट कालवला आणि नव्या रोलरनं लावून पाहिला. त्या शहाण्या बाळाला खडबड जमेचना. जे लावावं ते सपाट. तेव्हा रऊफचा हात बादलीच्या तळाशी आला.

आयुष्यभर जे करू नको म्हणून शिकवलं, ते सगळं त्यानं त्या दुपारी माझ्याकडून करून घेतलं. थबथबीत बुडवलं, जाळीवर फिरवलं नाही, दाबून फिरवलं. माझे कडक केस ओल्या पुट्टीत रुतायचे आणि उचकटून निघायचे. दाणेच दाणे. किसनराव शेजारी उभे राहून सांगत होते. "परतवाडा आणखी जरा पुढं घे, तथी चहाले थांबतो मी. आता घटांग. हे लांब घे, वळणं हायेत. घाई नको करू, खाली दरी हाये." रऊफ खरोखर हळू झाला. मी मेळघाट कधी पाहिला नाही, पण त्या वळणांवर मला सागाची पानं दिसली, ओल्या मातीचा वास आला, आणि कुठंतरी खाली पाणी वाहत होतं. ते स्वप्न मला अजून पडतं.

सेमाडोह झालं, हरिसाल झालं. न्हाणीपाशी मात्र भिंत संपली. पुढं नुसती चौकट. "काका, धारणी कुठी लावू?"

"तथी पह्यले खिळा होता," म्हातारा म्हणाला.

रऊफनं खिळा ठोकला. मग मला धुवायला घेतलं, नगमा झाली तेव्हा घासलं होतं तसं, कितीतरी वेळ. मी काही मऊ झालो नाही. त्यानं मला पुसलं आणि खिळ्याला टांगलं.

पुट्टी वाळली तशी किसनरावांनी परतवाड्यावरून बोटं फिरवली. "हे तं मोर्शीच्या संत्र्यावानी लागून राहिलं." रऊफ हसला. त्या फळाच्या नावानं तो हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर फुलून गेलं. थोरली जाऊ बोळातून येताना थबकली. "भिंत अशी काहून ठेवली व? पेंटर बरा नवता काय?"

"पेंटर लय चांगला होता," रूपाली म्हणाली आणि वाढायला गेली.

पंगत उठत असताना किसनराव उठले. कोणीतरी पाहुणा लगबगीनं त्यांचा हात धरायला गेला. रूपाली हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाली, "राहू द्या. त्यायची गाडी सुटली." बोळातली माणसं भिंतीला पाठ न लावता सरकून उभी राहिली. म्हातारा ताठ मानेनं त्यांच्यामधून आला. परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल. मग त्यांची बोटं माझ्या केसांत शिरली. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा पाणी मागून घेतलं.

तेव्हापासून मी इथंच आहे. रंग मला आता लागत नाही. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा एखादा वाळलेला, कडक रोलर पडला असेल तर फेकू नका, एवढंच म्हणणं आहे माझं. आणि नवा असेल तर काम झाल्यावर धुवा बरं त्याला. सगळ्यांनाच असा खिळा मिळत नाही.

थांबा, पलंग वाजला. येताहेत. कंडक्टरचं कामही आता त्यांच्याकडंच आहे. ऐका, येऊन मला हात लावतील, आणि मागं वळून सगळ्या रिकाम्या बोळाला सांगतील, "धारणी आली. सावकाश उतरा."