तीन गाठींचं झाकण

रबरनं पिशवीतून एकेक करून तीन झाकणं काढली, टेबलावर ओळीनं मांडली, आणि समोर बसलेल्या पेन्सिलचा पाण्याचा ग्लास ओठांपर्यंत जाताजाता अर्ध्यावरच थांबला.

साधी स्टीलची झाकणं. वर कडी. प्रत्येक कडीत लाल रबराची एक पट्टी ओवलेली. पहिल्या पट्टीवर एक गाठ, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. म्हणजे हातानं मारलेल्या गाठी नव्हेत, साच्यातून काढलेल्या, पण डोळे मिटून बोट फिरवलं तर गाठच लागेल अशा. पेन्सिलला बोट फिरवायची गरजच नव्हती. तिच्या मांडीवर जी कागदाची गुंडाळी होती तिच्यात हेच होतं. अगदी हेच. झाकण, कडी, गाठी. आणि रबरनंतर लगेच तिची पाळी होती.

"हे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातलं आहे," रबर सांगत होती. "दीडशे माणसांचं जेवण, एकसारखी पातेली, आणि वाफ इतकी की चष्म्यावर धुकं धरतं. झाकणावर काही लिहिलं तर दोन दिवसांत पुसून जातं. मग वाचायचं कसं? बोटांनी. एक गाठ म्हणजे अळणी. दोन गाठी म्हणजे बिनसाखरेचं. गाठच नाही ते सगळ्यांसाठी."

सर पुढे झुकले. सर झुकले म्हणजे आवडलं, हे चार महिन्यांत दोघींना पाठ झालं होतं.

चार महिने म्हणजे दोघी एकाच दिवशी या कंपनीत शिकाऊ म्हणून लागल्या, तेव्हापासूनचे. कंपनी स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवायची, चिमट्यापासून चाळणीपर्यंत सगळं, आणि चार महिन्यांनी दोघींतल्या एकीलाच कायम ठेवणार हे सरांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून टाकलं होतं. आजची मांडणी त्यासाठीच होती. नावं ठेवली ती साचेवाल्या काकांनी. एक काडीसारखी बारीक आणि केसांच्या अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून पेन्सिल. दुसरी काढते कमी आणि खोडते जास्त, म्हणून खोडरबर. पुढे नुसतंच रबर. दोघींना एकमेकींशिवाय करमेना, हा तर सगळ्या ऑफिसचा विनोद होऊन बसला होता.

त्यांचा एक खेळ होता. रोज जेवताना एकीनं दुसरीला विचारायचं, आज काय सापडलं? मग कुणाला सापडायचं की चौकीदार बाटलीचं बूच दाराखाली सरकवतो त्यामुळे दार आपटत नाही, कुणाला सापडायचं की न्हाव्यानं खुर्चीच्या हाताला सायकलची ट्यूब गुंडाळलीय. सरांचंच शिकवणं होतं ते. "नवं काही शोधून काढायच्या भानगडीत पडू नका," ते म्हणायचे. "कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. ते बघा. आणि कुणी केलं ते विचारा." पेन्सिलनं हे वहीत लिहून घेतलं होतं. शेवटचं वाक्य सोडून, कारण तेवढ्यात पान संपलं होतं.

आणि महिन्यापूर्वी एका दुपारी रबरनं विचारलं, आज काय सापडलं, तेव्हा पेन्सिल म्हणाली होती, "सापडलं नाही, सुचलं." आणि वाफेत बोटांनी वाचायच्या गाठींचं सांगितलं होतं. रबरनं डबा बाजूला सारला होता. मग म्हणाली होती, "तू कधी गं एवढ्या वाफेत उभी राहिलीस?"

"सुचतं माणसाला."

"भारी आहेस."

तेवढंच. आणि आता ती भारी गोष्ट टेबलावर पडली होती, लाल पट्ट्यांसकट, आणि मांडणारी भलतीच होती.

गाठींचं सांगताना हॉस्पिटल हा शब्द मात्र पेन्सिलनं तिला दिला नव्हता. आई हॉस्पिटलमध्ये असते, एवढंच ती ऑफिसात म्हणायची. एकदा सरांनी विचारलं, कुठल्या विभागात? ती म्हणाली, आहाराच्या. "अच्छा, आहारतज्ज्ञ," सर म्हणाले, आणि पेन्सिलनं पाणी प्यायला सुरुवात केली. म्हणजे खोटं ती बोललीच नव्हती. पाणी प्यायली होती.

"आणि तीन गाठी?" सरांनी विचारलं.

रबर हसली. "तीन गाठी म्हणजे हे झाकण नीट बसत नाही. दाबून लावा."

सगळे हसले. सरसुद्धा. आणि पेन्सिलच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं, कारण तिच्या कागदावर तीन गाठी म्हणजे मीठही नको आणि साखरही नको, अशी स्वच्छ ओळ लिहिलेली होती. एक अधिक दोन, तीन. इतकं सरळ. चोरायचं ते चोरायचं, वर चुकीचं चोरायचं, आणि त्यावर टाळ्या घ्यायच्या.

ती उठली. खुर्ची मागे जोरात सरकली.

"अगं, शेवटचं पान राहिलंय," रबर म्हणाली. "पेन्सिल, थांब ना. तेवढं बघ."

"बघितलं तेवढं खूप झालं."

दाराबाहेर कार्यशाळा होती आणि कार्यशाळेत साचेवाले काका कानस घासत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय गं, टोक मोडलं का?"

"काका, तिच्या पट्ट्या तुम्ही काढून दिल्यात?"

"मग कोण देणार. तीन वेळा साचा बदलला. गाठ हाताला गाठीसारखी लागत नाही म्हणायची."

"आणि माझं चित्र पण तुमच्याकडेच आलं होतं ना? परवा? तेव्हा सांगावंसं नाही वाटलं?"

काकांनी कानस खाली ठेवली. "दोघींचं एकच, म्हणून मला वाटलं मिळून करताय. तुम्ही कधी काही वेगळं केलंयत का?"

पेन्सिल तशीच जिन्याकडे वळली. जिना उतरताना तिला जाणवलं की गुंडाळी आपण इतकी घट्ट धरलीय की मधे ती चपटी झालीय. बसमध्ये बसायला जागा होती तरी ती उभीच राहिली. मनातल्या मनात ती रबरला बोलत होती, एकेक वाक्य घासूनपुसून. तुला मी माझ्या डब्यातलं दिलं. तुला ताप होता तेव्हा तुझी चित्रं मी पुरी केली. आणि तू माझ्याच ताटातलं उचलून माझ्यासमोर वाढलंस, आणि वर मलाच म्हणतेस, थांब, शेवटचं बघ. वाक्य चांगलं जमत होतं. फक्त ऐकायला कुणीतरी हवं होतं, आणि असं ऐकून घेणारं माणूस तिला जगात एकच होतं.

हॉस्पिटलच्या स्टॉपवर ती उतरली आणि तळघराचा उतार उतरून स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आईला सांगायचं तरी काय? माझी कल्पना चोरली? कुठली गं, असं आई विचारणार. मग?

ती दारातच थांबली. आत तेच सगळं होतं. शाळा सुटल्यावर ज्या पालथ्या क्रेटवर बसून तिनं आठ वर्षं गृहपाठ केला, तो क्रेटसुद्धा तिथेच होता, आता त्यावर कांदे होते. ऑफिसला लागल्यापासून ती एकदाही इथे आली नव्हती. भांडीवाल्या मावशींनी तिला आधी बघितलं.

"ताई, तुमची साहेबीण आली बघा. खुर्ची आणू का?"

आई वळली. चष्मा पांढरा झालेला, म्हणजे तिला दारातला नुसता आकार दिसत असणार. तरी तिनं ओळखलं.

"आज सुट्टी?"

"नाही. अशीच आले."

"अशीच आलीस तर हात रिकामा ठेवू नकोस. ते झाकण दे."

"कुठलं?"

"तीन गाठींचं. त्या सुपाच्या पातेल्यावर लाव. आणि दाबून लाव हं, बसत नाही ते नीट. दहा वर्षं सांगतेय, बदलून द्या, बदलून द्या. शेवटी गाठी मारून ठेवल्या, निदान नव्या माणसाला कळावं."

पेन्सिलनं झाकण उचललं. कडीला दोरा होता, मेणचट, वर्षानुवर्षांचा, आणि त्यावर तीन गाठी. तिनं त्या मोजल्या. मग परत मोजल्या. झाकण पातेल्यावर ठेवून तिनं अलीकडून दाबलं तर पलीकडची कड वर आली.

"तुझी ती मैत्रीण बरी आहे का गं?" आईनं पाठमोरंच विचारलं.

"कोण मैत्रीण?"

"रबर म्हणता ना तिला? तिच्या दादाचं पोट कापलं ना इथे, गेल्या महिन्यात. ट्रॉलीवरचं झाकण उचलून थेट खाली आली. हे कुणी बांधलं म्हणून विचारत. मला वाटलं तक्रार आहे. मी म्हटलं, बाई, दोरा रोज उकळून घेते मी."

"मग?"

"मग काय, बसली. तीन-चारदा येऊन गेली. एक दिवस तर मावशींबरोबर पातेली घासू लागली."

"घासता येत नाहीत तिला," मावशी म्हणाल्या. "पण बोलते गोड."

"माझ्या हाताचा फोटो काढला," आई म्हणाली. तिनं डाव कढईच्या काठावर आपटला. "हाताचा. तोंडाचा नाही. मग माझं नाव विचारलं. सगळं, वडिलांच्या नावासकट. म्हणाली, शेवटच्या पानावर घालायचंय. तीस वर्षांत पगाराच्या दिवसाखेरीज मला इथे सगळं नाव कुणी विचारलेलं नाही."

पेन्सिलच्या खिशात फोन थरथरला. तिनं तो अर्धा वर काढला. सरांचा निरोप होता. तुझी पाळी चार वाजता ठेवली आहे. ये. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं फोन परत खिशात सरकवला. दुसरा हात झाकणावरच होता.

"मला म्हणाली नाहीस कधी," ती आईला म्हणाली. "ती येऊन गेली ते."

"मला वाटलं तूच काहीतरी म्हणशील."

सूप उकळायला लागलं होतं. झाकण हाताखाली धडधडत होतं.

"बोलता बोलता तुझ्या कंपनीचं नाव निघालं," आई सांगत होती. "माझी लेकही तिथेच असते, असं मी म्हटलं. तर गप्पच झाली पोरगी. मग मी म्हटलं, अगं, मग माझं नाव कशाला घालतेस, मी काय करणार त्याचं. माझ्या लेकीचं घाल. तिच्या उपयोगी पडेल."

पेन्सिलच्या हाताखाली झाकणाची कड पुन्हा वर आली.

"तर म्हणाली, काकू, ते तिनं आधीच घातलंय."

भांडीवाल्या मावशींनी नळ सोडला, मग बंद केला.

"मग तू काय म्हणालीस?" पेन्सिलचा आवाज तिला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही.

"काय म्हणणार. म्हटलं, बरं झालं."

आईनं डाव ठेवला. तिनं चष्मा काढला, पदराच्या टोकाकडे नेला, आणि न पुसताच परत डोळ्यांवर चढवला. मग एका गाठीचं पातेलं ओढून त्यात ढवळायला लागली. पेन्सिलनं आणलेली गुंडाळी ओट्यावर पडली होती आणि सांडलेल्या पाण्याचा एक ओघळ हळूहळू तिच्याकडे सरकत होता. ती उचलायला एक हात सोडावा लागला असता. तिनं दुसरा हातही झाकणावर ठेवला, समोरासमोर, आणि दोन्हीकडून दाबलं. वाफ तिच्या बोटांमधून बाहेर आली. बरीच गरम होती.

"भाजेल," आई म्हणाली.

"धरते मी."

"किती वेळ धरशील?" आई म्हणाली. ती तिच्याकडे बघत नव्हती. "बसत नाही ते. सांगितलं ना."