बिरोबाच्या गळ्यातलं पदक

फ्रान्स सरकारनं बासरीवाल्या मल्हारीला पदक दिलं, जपाननं मानपत्र दिलं, आणि सगळ्या जगाचं कौतुक झेलून झाल्यावर अठ्ठ्याण्णव साली गडी एकदाचा केंदूरला आला. तोही बारा वर्षांनी! थोरली बहीण सगुणाबाई त्याला ओवाळताना हसत होती आणि आतून धुसफुसत होती. मेंढरांमागं पावा वाजवणाऱ्या या भावाला गुरूकडं धाडून त्याची मेंढरं हिनंच राखली होती की नाही?

ताट खाली ठेवलं, पदक उचललं आणि बाई थेट देवळात. बिरोबाच्या गळ्यात घालूनही मोकळी! पुजारी गेणबानं वर भंडारा उधळला. निळी फीत पिवळीधमक झाली.

"अगं आक्का, रविवारी पुण्यात सत्कार हाय! ते घालून बसायचंय मला," मागून धावत आलेला मल्हारी हबकला.

"देवाच्या अंगावरचं कौलाबिगर निघत न्हाई," गेणबा म्हणाला. त्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर पदक परत, डावं पडलं तर देवाचं.

सगुणाबाईनं डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "देवा, डावं पाड रं बाबा. ह्ये हितं ऱ्हायलं तरच त्यो येईल. न्हाईतर मी मेल्यावरच उगवंल मेला."

डावं पडलं. मल्हारीनं कपाळाला हात लावला आणि मोकळ्या गळ्यानंच पुण्याला गेला.

पुढच्या वर्षी तो कौल मागायला आला. चार दिवस राहिला, बहिणीच्या हातचं हुलग्याचं माडगं ओरपलं, देवळात बासरी वाजवली. कौल डावा. त्याच्या पुढच्या वर्षीही डावा. सगुणाबाईचा जीव सुपाएवढा झाला.

तिसऱ्या वर्षी मात्र उजवं फूल टपकन पडलं. गेणबानं पदक काढून मल्हारीच्या हातात दिलं, तशी सगुणाबाई पायरीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

"आक्का, काय झालं गं?"

"आता कशाला येशील रं तू? तुझं तुला गावलं की! मीच देवाला सांगत हुते, दिऊ नगंस म्हणून."

"ठावं हाय मला. पहिल्याच वर्षी ऐकलं हुतं. तुला मनात मागाया येतंय व्हय कवा?"

मल्हारीनं तिच्याच पदरानं तिचे डोळे पुसले आणि पदक गेणबापुढं धरलं.

"आबा, घाला परत देवाला. पुढल्या वर्षी कौल लावू."