तेजलचं तोंड

सातपाटीच्या मासळी बाजारात गोजराबाईच्या तोंडाला तोंड देईल असं माणूस अजून जन्माला यायचं होतं. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती अशी झाडायची, की ते बापडं सांगेल तो भाव देऊन वर पिशवीही स्वतःच उघडून धरायचं. त्याच तोंडानं तिनं एके सकाळी भर बाजारात सांगून टाकलं, "माझी तेजल मोठ्या क्लबात फुटबॉल खेळणार. नाय खेळली, तर काशीबाईच्या ओट्यावर बसून तिचे बोंबील विकीन!"

काशीबाई समोरच्याच ओट्यावरची, जन्माची वैरीण. तिनं लगेच शेजारची जागा पुसून ठेवली.

आता तेजल म्हणजे गोजराबाईची नात, गावच्या पोरींच्या संघातली गोलकीपर. ओहोटीला वाळू घट्ट झाली की खेळ चालायचा, आणि गोलाला जुनं मासेमारीचं जाळं. गोजराबाईचा भाचा विनोद बोईसरला कारखान्यात कामाला, सुटीच्या दिवशी पोरींचा कोच. त्यानं मोबाइलवर एक ॲप आणलं होतं. आख्खी मॅच त्यावर चढवायची. मग आतला कंप्युटर एकेका पोरीचा खेळ कापून वेगळा काढतो, आणि खेळाडू हेरणारे स्काउट लोक आपल्या घरी चहा पीत तो बघतात.

"म्हंजे जवळ्याच्या ढिगातनं पापलेट निवडायचं यंत्र," गोजराबाईला चटकन कळलं.

पण तेजलचं पापलेट काही निघेना. बाकीच्या पोरी धावतायत, गोल मारतायत. तेजलच्या व्हिडिओत काय? तेजल उभी. तेजल वेणी बांधते. तेजल ओरडते. परत उभी. तिच्यापर्यंत बॉल यायचाच नाही, मग अडवणार काय, वारा?

"गोलकीपर हाय का होडी बांधायचा खुंटा?" काशीबाई म्हणाली.

गोजराबाईनं दोन इलाज केले. पहिला इलाज, शिरगावला गेली आणि तिथल्या संघाची कॅप्टन दीपा हिला विचारलं, "काय गो, तुमी बॉलला लाथ मारता का गोंजारता?"

दीपा लालबुंद झाली. "रविवारी येतो, आजी. तुमचं जाळं शिवून ठेवा."

झालं काम. दुसरा इलाज घरचा. व्हिडिओत तेजलचा आवाज ऐकून गोजराबाईच्या कानशिलाला घाम फुटला होता. 'सुलू, मेलीस काय? डावीकडं!' असलं मोठ्या लोकांनी ऐकायचं?

"रविवारी तोंडातनं ब्र काढायचा नाय," ती नातीला म्हणाली. "म्हणतील, बाजारातनं उचलून आणलीय."

"आजी, पण तू तर बाजारात..."

"मी धंदा करते. तू खेळतेस. गप!"

रविवारी विनोदनं मोबाइल बोंबील सुकवायच्या बांबूंवर उंच बांधला. काशीबाई स्वतःचं स्टूल घेऊन आली. तिची नात सुलू संघात बचावाला होती, पण काशीबाई आली होती गोजराबाईचं तोंड बघायला.

शिट्टी वाजली. तेजलनं ओठ असे मिटले होते, जणू तोंडात गरम भात. शिरगावच्या पोरी वादळासारख्या आल्या. सुलूनं सवयीनं मागे पाहिलं, हुकूम काही येईना, म्हणून ती तिथंच थांबली. गोल! मग सुलू आणि दुसरी एक पोर एकाच बॉलवर धावून एकमेकींवर आपटल्या. दुसरा गोल! तेजल नुसती हात हलवतेय, चेहरा उकडलेल्या चिंबोरीसारखा लाल.

काशीबाईनं स्टूल जवळ सरकवलं. "ये गो गोजरा, आत्तापासनं माझ्या शेजारी बसायची सवय कर."

गोजराबाई विचारात पडली होती. आपण बाजारात अर्धा दिवस मुक्यानं बसलो तर काय होईल? टोपलीवर माश्या बसतील, गिऱ्हाईक नाही. अरे देवा, म्हणजे बॉल गोलापर्यंत येत नव्हता तो कुणामुळं?

तिनं पदर खोचला आणि गोलामागे धावली.

"तेजल! उघड तोंड! अब्रूचं मी बघते!"

आणि तेजलचं तोंड उघडलं. "सुलू, डावीकडं! विजया, झोपलीस का, माणूस धर! मागं या गो साऱ्या, मागं!" बाई गं, काय तो आवाज! पोरी जाळ्यात ओढल्यागत जागच्या जागी आल्या. शिरगावची एक पोर तर गोंधळून स्वतःच मागे गेली. त्यानंतर एकही बॉल तेजलपर्यंत पोचला नाही.

विनोदनं डोक्याला हात लावला. "मावशी, व्हिडिओत दोन गोल खाल्लेत. बाकी नुसती बोंब."

"चढव. आख्खा चढव. माल हाय तसा मांडायचा. झाकून विकायला मी काय काशीबाई हाय?"

फोन आला तो भर बाजारात. मुंबईच्या एका क्लबच्या कोचबाई होत्या. विनोदनं स्पीकर लावला.

"आधी गोलात होती तीच मुलगी नंतर होती?"

"तीच," गोजराबाई म्हणाली.

"मग आधी आजारी होती का?"

"नाय बाई. आधी माझं ऐकत होती."

कोचबाई हसल्या. "व्हिडिओत वाराच फार आहे. तिचा आवाज नीट ऐकवाल?"

तेजलनं इकडेतिकडे पाहिलं. समोरून सुलू डोक्यावर टोपली घेऊन येत होती.

"सुलूऽऽ! डावीकडं!"

सुलूनं डावीकडे उडी मारली. काशीबाई डावीकडे सरकली. दोन गिऱ्हाइकं सरकली, एक कुत्रं सरकलं. गोजराबाईनं खाली पाहिलं, तर तीसुद्धा पाऊलभर डावीकडे! टोपलीतले बोंबील तेवढे सरळ खाली आले.

"पुढच्या रविवारी चाचणीला आणा," फोनमधून आवाज आला. "आणि व्हिडिओत तिच्या हाकेसरशी डावीकडे गेली ना, ती सुलू, तिलाही आणा."

"कुणाला? माझ्या सुलूला?" काशीबाई ओट्यावरून पडता पडता वाचली.

पैज तर गोजराबाईनं जिंकल्यातच जमा होती. तरी ती उठली, समोरच्या ओट्यावर त्या पुसून ठेवलेल्या जागेत ऐसपैस बसली, सांडलेले बोंबील गोळा करून धुतले आणि ओरडायला लागली, "घ्या गो घ्या, सुलूच्या आजीचे बोंबील! पोर चाललीय मुंबईला!"

"हळू गो," काशीबाई डोळे पुसत म्हणाली, "फोन अजून चालू हाय."

"मग ऐकू दे की!"