धक्क्याला न लागलेली पहिली फेरी

मी पडाव बोलतोय, उतारूंना पाण्यापार नेणारा. भाटघरच्या पाण्यावर माझ्याइतका देखणा आणि भरवशाचा पडाव दुसरा नव्हता. दुसरा पडावच नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला चौकशी करत बसायला नको. भरवशाचं तेवढं पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

धरण पुरं झालं, पाणी येळवंडीच्या खोऱ्यात मागे मागे चढत गेलं, आणि जिथे गुडघाभर ओढा होता तिथे अर्धा कोस पाणी पसरलं. पासलीकडून खिंड उतरून भोरच्या बाजाराला निघालेल्या माणसाचा सगळा दिवस वळसा घालण्यात जाऊ लागला. इथले सुतार बैलगाडी करतील, पाण्यावरचं काही करायचं त्यांच्या बापजाद्यांनी ऐकलं नव्हतं. म्हणून महाडकडून एक मिस्त्री आणला. त्याने मला सपाट बुडाचा, रुंद, वीस माणसं आणि दोन शेळ्या मावतील असा केला. फळ्यांच्या फटींत कापूस कोंबला, वरून राळ फासली, आणि जाताना माझा नावाडी कोंडिबा याला बजावलं, "हा उन्हात सुकला तर फटी उघडतील. मग दगड भरून चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा. लाकूड फुगलं, फटी मिटल्या, की मगच माणसं बसवायची."

माझं शिक्षण म्हणाल तर अर्धवट. एक मास्तर रोज माझ्यातून जायचे आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे. पहिलं पान संपायच्या आत काठ यायचा. त्यामुळे जगातल्या प्रत्येक भानगडीची सुरुवात मला ठाऊक आहे, शेवट एकीचाही नाही.

खोड्या मात्र मी स्वतःच्या अकलेने शिकलो. बुडाशी दोन फटी किंचित सैल होत्या. कोण कुठे बसलंय आणि किती फुशारकी मारतंय ते बघून मी जरासा कलायचो, आणि ओंजळभर पाणी बरोबर त्याच्या बुडाखाली. नवं धोतर नेसून पोरगी बघायला निघालेला चिमाजी असा भिजवला की पलीकडे तो सबंध वेळ उभाच राहिला. लोक हसायचे. "पडावानं वळखलं तुला," म्हणायचे. कोंडिबाही हसायचा आणि डबड्याने पाणी उपसून टाकायचा.

कोंडिबाची बायको सगुणाबाई शेळ्या घेऊन नेहमी माझ्यात असायची. ती गुराशी बोलावं तशी माझ्याशी बोलायची, आणि माझ्या करकरण्याला उत्तरंही द्यायची. माझा एक नेम फक्त तिलाच कळला होता. लेकुरवाळीला मी कधी भिजवलं नाही. एकदाही नाही.

मग भोरच्या बाजूला नवा धक्का बांधायचं ठरलं. दगडी पायऱ्या, वर पत्र्याची छपरी, उतारूंना बसायला बाकं. उद्‌घाटनाचा सगळा भार उपेंद्रराव नावाच्या कारकुनावर होता. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. साहेब येणार, या धास्तीने त्याचं जेवण सुटलं होतं. पलीकडून पहिली फेरी भरून यायची, धक्क्याला लागायची, तेव्हा साहेबांनी फीत कापायची, असा बेत. त्यासाठी त्याने मला पलीकडच्याच काठावर ओढून पंधरा दिवस उन्हात ठेवलं आणि हिरवा-पिवळा रंग दिला.

मी दिसत होतो झकास. पण आतून तडकत होतो. रोज दुपारी एखादी फट टक्‌ करून बोलायची.

उद्‌घाटनाला चार दिवस उरले तेव्हा कोंडिबाने मला पाण्यात ढकललं, दगड भरले आणि बुडवलं. मला हायसं वाटलं. संध्याकाळी उपेंद्रराव येऊन बघतो, तर रंगवलेला पडाव तळाशी.

"कोंडिबा, हे काय केलंस?" तो मटकन खालीच बसला. "साहेब येणार आणि तू पडाव बुडवलास?"

"बुडवला न्हाई रावसाब, भिजत घातलाय. लाकूड सुकलंया."

"रंग जाईल की रे. आणि कुणी बघितलं तर काय म्हणेल? काढ वर."

"चार दिस तरी ऱ्हाऊ द्या."

"नव्या धक्क्यावर नावाडी म्हणून तुझंच नाव मी लिहून दिलंय, कोंडिबा. ते खोडायला लावू नकोस."

कोंडिबाने एकेक दगड बाहेर काढला. मला पुन्हा काठावर ओढून पुसलं. पाणी उपसायचं डबडं गंजकं होतं, शोभेना, म्हणून उपेंद्ररावाने तेही फेकून दिलं.

उद्‌घाटनाच्या सकाळी पलीकडच्या काठावर अठरा माणसं चढली. मास्तर वर्तमानपत्र घेऊन, उपेंद्रराव पेढ्यांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन. सगुणाबाई होतीच. शेवटी चंद्राबाई आली, सव्वा महिन्याची लेक कुशीत घेऊन. पासलीच्या माहेरून वरव्याला सासरी निघाली होती. ती नेमकी माझ्या सैल फटींवर बसली.

काठ सुटला आणि पाणी आत आलं. दोन फटींतून नव्हे, सगळीकडून. मी करकरलो. पहिल्यांदा चिमाजीचे पाय भिजले.

"आला का चावटपणावर?" चिमाजी म्हणाला, आणि सगळे हसले.

मी कलून दाखवलं. आणखी हसले. मास्तर पाय वर घेऊन वाचत राहिले. माझ्याजवळ बोलायला दुसरं काहीच नव्हतं हो, पाणीच होतं, आणि त्या पाण्यावर मी सगळ्यांना वर्षानुवर्षं हसायला शिकवलं होतं. धक्क्यावर ताशा वाजत होता. मधलं पाणी तीन पुरुष खोल.

तेवढ्यात चंद्राबाईने लुगडं आवरलं. "आत्याबाई, पानी लई यायलंय," ती सगुणाबाईला म्हणाली. "पोरीचं दुपटं भिजलं."

सगुणाबाईचं हसणं तिथेच थांबलं. तिने फळीवर हात ठेवला, बोटांनी फट चाचपली.

"ही खोडी न्हाई," ती म्हणाली. "ह्यो लेकुरवाळीला कदी भिजवत न्हाई. धनी, टेकाडाकडं वळवा."

काठापासून पाण्यात शिरलेलं एक टेकाड डाव्या हाताला, जवळच होतं. धक्का त्याच्या तिप्पट लांब. कोंडिबा एकदा तिकडे बघे, एकदा इकडे. त्याचं वल्हं हवेतच राहिलं.

"धक्क्यालाच चला," उपेंद्रराव म्हणाला. "साहेब उभे आहेत. कोंडिबा, तुझं नाव..."

"नाव घाला चुलीत," म्हणत सगुणाबाई उठली आणि नवऱ्याच्या हातातलं वल्हं घेतलं.

मग कुणी हसलं नाही. पाणी पोटरीला आलं. उपसायला डबडं नाही. पागोटी, हात, मिळेल त्याने माणसं उपसू लागली. आणि उपेंद्ररावाचं सांगतो, त्याने एकदा धक्क्याकडे पाहिलं, पेढे उपरण्यात ओतले, आणि तो डबा घेऊन असा उपसत सुटला की त्याचा चष्मा पाण्यात गेला तरी थांबला नाही. मी होतं नव्हतं ते लाकूड आवळून धरलं. टेकाडाच्या चिखलाला बूड टेकलं, शेवटचा माणूस उतरला, आणि मी कमरेइतक्या पाण्यात मुकाट बसलो.

अठराही माणसं चिखलात उभी. समोर ताशा वाजतोय. साहेबांनी वाट बघितली आणि पडावाविनाच फीत कापली. पोरगी तेवढ्या गोंधळात झोपली होती.

कोंडिबाचं नाव कुणी खोडलं नाही. उपेंद्ररावानेच सगळा दोष स्वतःवर घेतला म्हणे. धक्क्याला नवा पडाव आला. मी आता छपरीशेजारी पालथा पडलोय, उतारू माझ्या पाठीवर बसून तंबाखू मळतात. पण जिवाला घोर आहेच. नवा पडाव फार सभ्य. कुणाला भिजवत नाही, कधी करकरत नाही. त्याला काही झालं तर कळायचं कसं? म्हणून तुम्हाला विनवतो, पडावात पाय भिजले तर आधी खाली बघा, हसायचं मागून.

काल सगुणाबाई पाठीवर टेकली तेव्हा मी करकरलो. म्हटलं, अठरा माणसं मी वाचवली, मला एकदा पाण्यात तरी ने.

तिने शेळीचं दावं माझ्या खुंटीला अडकवलं.

"तू वाचवलीस व्हय?" ती म्हणाली. "आन् चंद्रा त्या फटीवर बसली नसती, तर तुजं खरं कुनाला पटलं असतं रं?"